जिवंत लसींविषयी पालकांशी पूर्ण बोला: राज्याच्या लसीकरण यंत्रणेस खुले पत्र

प्रति,
राज्य लसीकरण अधिकारी, राज्य कुटुंब कल्याण कार्यालय, पुणे,
तसेच सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन

विषय: लसींमधील क्षीण केलेल्या विषाणूंची माहिती पालकांना आणि आरोग्यसेविकांना स्पष्टपणे देण्याबाबत

सन्माननीय अधिकारीवर्ग,

महाराष्ट्रात जन्मलेल्या प्रत्येक बाळाला पहिल्या दोन वर्षांत जिवंत सूक्ष्मजंतू असलेल्या लसी अनेकदा दिल्या जातात. जन्मल्यावर क्षयरोगाविरुद्धच्या बीसीजीचे इंजेक्शन आणि पोलिओचे थेंब, पुढे सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात पुन्हा पोलिओचे थेंब आणि सोबत जुलाबाला कारण होणाऱ्या रोटाव्हायरसची लस, नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाचा पहिला डोस आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसरा, असे हे वेळापत्रक आपण सर्व जाणताच. यांपैकी बीसीजीमध्ये क्षीण केलेला जिवाणू असतो, तर बाकीच्या लसींमध्ये क्षीण केलेले किंवा मुळातच दुर्बळ असलेले विषाणू असतात. हे विषाणू बाळाच्या शरीरात काही दिवस वाढतात आणि त्या मर्यादित वाढीमुळेच टिकाऊ प्रतिकारशक्ती तयार होते. लसीकरण सत्राला बाळ घेऊन आलेल्या आईला मात्र ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. तिला लसीचे नाव कळते, पुढची तारीख कळते आणि लस सुरक्षित आहे एवढे आश्वासन मिळते.

मी अनेक वर्षे महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले आहे आणि लसीकरणाचा पक्का समर्थक या नात्यानेच हे पत्र लिहीत आहे. लसीत जिवंत विषाणू आहे ही गोष्ट पालकांना घाबरवेल, या भीतीने ती न सांगणे मला चुकीचे वाटते. आज ती त्यांना मोबाइलवरच्या एखाद्या संदेशातून कळतेच, आणि तेथे ती अशा रीतीने सांगितलेली असते की सरकारने काही लपवले असा समज व्हावा. 2018च्या नोव्हेंबरात राज्यात गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम सुरू झाली, तेव्हा शाळांमधून याचा अनुभव आला होता. या लसीने मुले पुढे वंध्य होतात, अशा निराधार अफवा फिरत होत्या. त्यांना उत्तर देताना लसीत नेमके काय आहे आणि ते शरीरात काय करते, हे समजावून सांगणारा माणूस अनेक ठिकाणी उपलब्ध नव्हता.

गोवराच्या लसीचेच पाहू. 1954 साली अमेरिकेत बॉस्टनजवळच्या एका निवासी शाळेत गोवराची साथ आली असताना डेव्हिड एडमन्स्टन नावाच्या विद्यार्थ्याच्या रक्तातून जॉन एंडर्स आणि टॉमस पीबल्स यांनी गोवराचा विषाणू वेगळा केला. तो मानवी मूत्रपिंडाच्या पेशींमध्ये 24 वेळा, त्यानंतर मानवी गर्भपिशवीच्या आवरणाच्या पेशींमध्ये 28 वेळा वाढवण्यात आला आणि नंतर कोंबडीच्या भ्रूणात व भ्रूणपेशींमध्ये पुन्हापुन्हा वाढवण्यात आला. प्रत्येक वेळी, त्या परक्या पेशींमध्ये ज्या विषाणूंची वाढ जलद होते, तेच पुढच्या फेरीत अधिक संख्येने उरतात. अशा फेऱ्यांमधून विषाणूच्या जनुकांत छोटे छोटे बदल साचत जातात आणि मानवी शरीरात जोमाने पसरण्याची त्याची क्षमता घटते. त्याचे बाह्य रूप मात्र फारसे बदलत नाही, त्यामुळे शरीराची संरक्षणयंत्रणा त्याला खऱ्या गोवराइतक्याच नेमकेपणाने ओळखायला शिकते.

या पद्धतीने तयार झालेली पहिली लस 1963 साली अमेरिकेत वापरात आली. तिच्यातील विषाणू पुरेसा क्षीण झालेला नव्हता. अनेक मुलांना चांगलाच ताप येई आणि अंगावर पुरळ उठे, म्हणून लसीसोबत दुसऱ्या दंडात प्रतिपिंडांचे, म्हणजे विषाणूला निकामी करणाऱ्या रक्तातील प्रथिनांचे, इंजेक्शनही द्यावे लागे. शास्त्रज्ञांनी हा दोष उघडपणे मान्य केला आणि विषाणू आणखी क्षीण करण्याचे काम चालू ठेवले. त्याच मूळ विषाणूची एक शाखा तेव्हाच्या युगोस्लाव्हियातील झाग्रेब शहरात मानवी पेशींमध्ये वाढवून आणखी क्षीण करण्यात आली. हा एडमन्स्टन-झाग्रेब वाण आज पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये वाढवला जातो. आपल्या राज्यातील उपकेंद्रांपासून आफ्रिकेतील खेड्यांपर्यंत असंख्य मुलांना मिळणाऱ्या लसीत तोच असतो. ज्या जिल्ह्यात ही लस तयार होते, त्याच जिल्ह्यातील एखाद्या आशाताईला तिचा हा इतिहास ठाऊक नसावा, हे मला खटकते. तो सांगायला पाच मिनिटे पुरतात, आणि विषाणू क्षीण करणे म्हणजे काय हे त्यातून कोणालाही समजते.

शिवाय लसीतील विषाणू जिवंत पण दुर्बळ असतो, या एका वस्तुस्थितीतून लसीकरणाचे जवळजवळ सगळे व्यावहारिक नियम निघतात. गोवराचा पहिला डोस नवव्या महिन्यापर्यंत थांबवला जातो, कारण आईकडून बाळाला मिळालेली प्रतिपिंडे तोपर्यंत शिल्लक असतात आणि ती लसीतल्या दुर्बळ विषाणूला वाढण्यापूर्वीच निकामी करू शकतात. नवव्या महिन्यात दिलेल्या डोसाने सुमारे 85 टक्के बालकांना संरक्षण मिळते. उरलेल्यांमध्ये विषाणूची पुरेशी वाढ झालेली नसते, म्हणून दुसरा डोस आवश्यक असतो. 2022च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात, तसेच भिवंडी आणि मालेगाव येथे गोवराची साथ पसरली, बालकांचे मृत्यू झाले आणि साथीच्या भागात सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही जादा डोस देण्याचा निर्णय घ्यावा लागला. तो निर्णय योग्य होता. परंतु हा डोस हिशेबात धरायचा नसतो, नवव्या महिन्याचा आणि त्यानंतरचा असे दोन्ही डोस पुढे घ्यावेच लागतात, हे कारणासह सांगितले नाही तर आईवडिलांना आपले बाळ सुरक्षित झाले असे वाटणे स्वाभाविक आहे.

तापाचेही तसेच आहे. पाच रोगांविरुद्धच्या, जिवंत जंतू नसलेल्या पेंटाव्हॅलंट लसीनंतर ताप आला तर तो साधारण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी येतो. गोवर-रुबेलाच्या लसीनंतरचा ताप मात्र सातव्या ते बाराव्या दिवसाच्या सुमारास येतो, कारण लसीतील विषाणूला शरीरात वाढायला तेवढा अवधी लागतो. साधारण 5 ते 15 टक्के मुलांना असा ताप येतो आणि काहींच्या अंगावर पुरळही दिसते. सुमारे तीन हजार डोसांमागे एखाद्या मुलाला तापाबरोबर झटकाही (आकडी) येऊ शकतो. तो पाहणे पालकांना फार भीतिदायक असले, तरी त्यातून बहुधा कायमची इजा होत नाही. आपल्या कार्यक्रमात प्रत्येक आरोग्यसेविकेने पालकांना चार मुख्य संदेश द्यायचे असतात आणि लसीनंतर कोणता त्रास होऊ शकतो, हा त्यांपैकी एक आहे. माझी पहिली मागणी एवढीच आहे की, गोवर-रुबेलाच्या वेळी या संदेशात दिवसांचा उल्लेख सक्तीचा करावा. आठ दिवसांनी बाळाच्या अंगावर पुरळ उठले, तर ज्या आईला आधी सांगितले गेले आहे ती काळजी घेईल. जिला सांगितलेले नाही ती लसीमुळेच गोवर झाला असे शेजारीपाजारी सांगेल, आणि ती खोटे बोलत आहे असे तिला कोणी म्हणू शकणार नाही. लसीतील गोवर-विषाणू एका मुलाकडून दुसऱ्याकडे पसरल्याची एकही सिद्ध नोंद नाही, हेही त्याच वेळी सांगता येईल.

खऱ्या गोवरात काय होते, हेही तितक्याच ठोसपणे सांगावे. अंगावर गोवर फुटणे हे आजही अनेक घरांत लहानपणाचे एक साधे दुखणे मानले जाते. प्रत्यक्षात एक रुग्ण संरक्षण नसलेल्या समाजात सरासरी 12 ते 18 जणांना बाधित करतो, हजारात सुमारे एका मुलाला मेंदूचा दाह होतो, कुपोषित मुलांत न्यूमोनिया आणि अतिसाराने मृत्यू होतात. आधीच्या आजारांविरुद्ध शरीराने मिळवलेली प्रतिकारशक्तीची स्मृतीही गोवरामुळे मोठ्या प्रमाणावर पुसली जाते, हे 2019 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले आहे. म्हणजे गोवरातून बरे झालेले मूल पुढे दीर्घकाळ इतर संसर्गांपुढे दुबळे असते. लसीतील क्षीण विषाणू असे करत नाही. ही तुलना आकड्यांसह समोर ठेवली, तर कोणत्याही समंजस माणसाला निर्णय घेणे अवघड जात नाही.

आता कुपीविषयी. क्षीण विषाणूची लस उष्णतेने निकामी होते, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या क्षाराचा आधार देऊन बनवलेल्या पेंटाव्हॅलंटसारख्या लसी गोठल्याने निकामी होतात. एकाच शीतपेटीत दोन विरुद्ध स्वभावांच्या लसी सांभाळण्याचे काम आपल्या आरोग्यसेविका करतात, याची जाणीव फार थोड्यांना आहे. गोवर-रुबेलाची कोरडी लस द्रावकात मिसळली की ती थंड ठेवून चार तासांच्या आत वापरायची आणि उरलेली टाकून द्यायची असते. तिच्यात जंतूंची वाढ रोखणारे रसायन घालता येत नाही, आणि दूषित झालेली कुपी जीवघेणी ठरू शकते. 2017 साली दक्षिण सुदानमध्ये कपोएटा भागात एका मोहिमेत एकच सिरिंज वारंवार वापरली गेली, मिसळलेली लस शीतपेटीविना चार दिवस राहिली आणि 15 बालके दगावली. त्या मृत्यूंना लसीतला विषाणू कारणीभूत नव्हता, हाताळणी होती.

या चार तासांच्या नियमाचा आपल्याकडे एक वेगळाच परिणाम होतो आणि त्याकडे मी विभागाचे खास लक्ष वेधू इच्छितो. कुपीत अनेक डोस असतात. दुर्गम पाड्यावर सत्राच्या दिवशी एकच बाळ आले, तर कुपी उघडून उरलेले डोस वाया घालवायचे की आईला पुढच्या महिन्यात बोलवायचे, असा पेच आरोग्यसेविकेपुढे उभा राहतो. एका बालकासाठीही कुपी उघडावी, असे मार्गदर्शक सूचना सांगतात. परंतु महिन्याच्या आढावा बैठकीत वाया गेलेल्या डोसांचा जाब विचारला जाणार असेल, तर ती सूचना कागदावरच राहते. परत पाठवलेले मूल पुढच्या महिन्यात येईलच याची खात्री नसते. ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाचे मूल तर तेव्हा दुसऱ्याच जिल्ह्यात असते. गोवर रोखायला 95 टक्के मुलांना दोन्ही डोस मिळावे लागतात, आणि ती शेवटची काही टक्के मुले नेमकी अशाच ठिकाणी सुटतात. एका मुलासाठी कुपी उघडणाऱ्या सेविकेला जाब विचारला जाणार नाही, असे लेखी परिपत्रक काढावे, ही माझी दुसरी मागणी आहे.

पोलिओविषयी बोलणे अधिक अवघड आहे, आणि म्हणूनच ते टाळले जाऊ नये. आल्बर्ट सेबिन यांनी माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींमध्ये वाढवून निवडलेले तीन प्रकारचे क्षीण विषाणू आतड्यात वाढतात, तेथेच संरक्षण निर्माण करतात आणि काही आठवडे शौचावाटे बाहेर पडत राहतात. दाट वस्ती आणि अपुरी स्वच्छता असलेल्या आपल्या देशात हा गुण मोलाचा ठरला, कारण डोस न मिळालेल्या मुलांपर्यंतही तो क्षीण विषाणू पोहोचला. मुंबईत परळच्या हाफकिन या सरकारी संस्थेतून निघालेल्या थेंबांचा या कामात मोठा वाटा आहे. जंगली, म्हणजे लसीतून न आलेल्या मूळ विषाणूच्या, पोलिओचा देशातील शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात आढळला आणि 27 मार्च 2014 रोजी भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. पोलिओच्या विषाणूला सुईशिवाय, दोन थेंबांत, गल्लीबोळांतून हद्दपार करणारे दुसरे साधन त्या काळी आपल्या हाती नव्हते, असे माझे ठाम मत आहे.

मात्र सेबिन यांच्या विषाणूंचे क्षीणत्व जनुकांतील मोजक्याच बदलांवर अवलंबून आहे आणि आतड्यात वाढताना ते बदल उलटू शकतात. त्यामुळे पहिल्या डोसाच्या सुमारे 27 लाख डोसांमागे एका मुलाला लसीमुळेच लुळेपणा येऊ शकतो. तसेच ज्या वस्तीत लसीकरण अपुरे असते, तेथे लसीतील विषाणू एका मुलातून दुसऱ्यात फिरत राहून पुन्हा घातक बनू शकतो. दुसऱ्या प्रकारचा जंगली विषाणू जगातून नष्ट झाल्याचे 2015 साली जाहीर झाल्यावर, लसीतील त्या प्रकारचा धोका तिच्या उपयोगापेक्षा मोठा ठरू लागला. म्हणून एप्रिल 2016मध्ये तो प्रकार थेंबांमधून काढून टाकण्यात आला आणि त्याच्या आधीपासून मृत विषाणूचे इंजेक्शन कार्यक्रमात आणले गेले. त्याचा तिसरा डोस जानेवारी 2023पासून नवव्या महिन्यात दिला जातो. पोलिओ संपला तर ही नवी सुई कशासाठी, असे आई विचारते तेव्हा तिला एवढे उत्तर मिळायला हवे. आता जनुकांत विचारपूर्वक बदल करून, सहज न उलटणारा दुसऱ्या प्रकारचा नवा क्षीण विषाणूही तयार झाला आहे आणि साथी रोखण्यासाठी अनेक देशांत तो वापरला जातो.

जे सांगितले गेले नाही, ते बातम्यांतून कळले. 2018 साली गाझियाबादच्या एका उत्पादकाच्या थेंबांमध्ये, काढून टाकलेला दुसऱ्या प्रकारचा विषाणू आढळला आणि ते डोस उत्तर प्रदेश व तेलंगणाबरोबर महाराष्ट्रातही पोहोचले होते. 2024 साली मेघालयात पश्चिम गारो हिल्स जिल्ह्यातील एका बालकात लसजन्य विषाणूचा पोलिओ आढळला. अशा प्रसंगी विभागाने स्वतः पुढे येऊन, काय घडले, कोणत्या मुलांना किती धोका आहे आणि काय उपाय केला, हे मराठीत सांगितले तर विश्वास वाढतो. लसीकरणानंतरच्या गंभीर घटनांची चौकशी जिल्हा आणि राज्य समित्या करतात. व्यक्तींची ओळख न देता त्यांच्या निष्कर्षांचा सारांश दर सहा महिन्यांनी प्रसिद्ध करावा, ही माझी तिसरी मागणी आहे.

यावर कोणी म्हणेल की मग सगळ्याच लसी मृत विषाणूंच्या कराव्यात. तेवढ्याने धोका संपत नाही. 1955 साली अमेरिकेत कटर कंपनीच्या इंजेक्शनमध्ये फॉर्मॅल्डिहाइडने मारलेले मानले गेलेले पोलिओचे विषाणू जिवंत राहिले होते. सुमारे 200 जणांना लुळेपणा आला आणि 10 जण दगावले. गोवरासाठी तर मृत विषाणूची लस 1960च्या दशकात वापरून पाहिली गेली. तिचे संरक्षण अल्पकाळ टिकले आणि ती घेतलेल्या काही मुलांना पुढे वेगळ्याच तीव्र स्वरूपाचा गोवर झाला, म्हणून ती सोडून द्यावी लागली. प्रत्येक क्षीण विषाणूचा स्वभाव वेगळा आहे, आणि सर्व लसी सुरक्षित आहेत या एका वाक्यात तो मावत नाही. कोविडच्या काळात हा गोंधळ उघड दिसला. कोव्हिशिल्ड किंवा कोव्हॅक्सिन यांपैकी एकाही लसीत क्षीण केलेला जिवंत करोना विषाणू नव्हता. पहिलीत शरीरात वाढू न शकणारा चिंपांझीचा अडिनोव्हायरस वाहक म्हणून वापरला होता आणि दुसरीत मारलेला विषाणू होता. तरीही लसीनेच करोना होतो असे सुशिक्षित घरांतूनही म्हटले जात होते, कारण लसींचे प्रकार आपण कधी लोकांना समजावलेच नव्हते.

शेवटची मागणी जिवंत लस कोणाला देऊ नये, याविषयी आहे. रक्ताच्या कर्करोगावर उपचार चालू असलेले मूल, जन्मजात प्रतिकारशक्तीचा गंभीर अभाव असलेले मूल, दीर्घकाळ मोठ्या मात्रेत स्टिरॉइड घेणारे मूल यांना गोवर-रुबेलाची जिवंत लस धोक्याची ठरू शकते. गर्भवती स्त्रीला ती देत नाहीत. आणि नुकतेच रक्त दिले गेले असेल तर काही महिने थांबावे लागते, नाहीतर लस वाया जाते. टोचण्यापूर्वी सेविकेने विचारायचे तीन-चार सोपे प्रश्न माता-बाल संरक्षण कार्डावर छापावेत आणि प्रत्येक लसीपुढे ती जिवंत आहे की मृत, हेही नोंदवावे. त्याच जागी, साधी सर्दी, किरकोळ जुलाब किंवा कुपोषण यांमुळे लस पुढे ढकलू नये, असेही ठळकपणे असावे. कुपोषित बाळ अशक्त आहे म्हणून परत पाठवणे ही आपल्याकडची नेहमीची चूक आहे, आणि मेळघाट, नंदुरबार किंवा गडचिरोलीत तिची किंमत मोठी असते. हे प्रश्न आणि उत्तरे मराठीबरोबर उर्दू, हिंदी, गोंडी, कोरकू आणि भिलीतही असावीत, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ध्वनिमुद्रित स्वरूपात आशाताईंच्या मोबाइलवर द्यावीत.

या चारही मागण्यांसाठी नवी यंत्रणा लागणार नाही. कार्डाच्या पुढच्या छपाईपूर्वी आणि आशाताई व आरोग्यसेविकांच्या पुढच्या प्रशिक्षणापूर्वी त्यांवर निर्णय घ्यावा, तो जाहीर करावा, आणि एखादी मागणी अमान्य असल्यास तिचे कारणही कळवावे, अशी विनंती आहे.

आपला नम्र,
सूक्ष्मजीवशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक